साहेब, बाकीचे पैसे कोण भरणार?

प्रति,
पाच रुपयांच्या पाकिटाचा भाव ठरवणारे साहेब,

तुमचं नाव मी घेत नाही, कारण तुम्ही एक नाही. तुम्ही चिप्सवाले आहात, बिस्किटवाले आहात, क्रीमचे केक विकणारे आहात, रंगीत गोड पाण्याच्या बाटल्या विकणारे आहात. एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायला टपलेले असता, पण एका बाबतीत तुमचं एकमत आहे: माल लहान मुलाच्या मुठीतल्या नाण्यात बसला पाहिजे. हे पत्र त्या एकमताला आहे.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला देते. हिशेब तुम्हाला येतो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली सात वर्षांची पोरगी किती पैसे घेऊन दुकानात येते, हे तिच्या मास्तरांच्या आणि नगरसेवकाच्या आधी तुम्ही ओळखलं. तेल महागलं, साखर महागली, वाहतूक महागली, तरी पाकिटावरचा आकडा तुम्ही हलू दिला नाही. आतले ग्रॅम हलवले. दुकानाच्या दारात लडी टांगली आणि तीही पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. गल्लीत पाण्याचा टँकर यायला उशीर होतो, तुमची गाडी वेळेवर येते.

आता 2025 सालचंच बघा. 31 जानेवारीला संसदेत आर्थिक पाहणी अहवाल मांडला गेला. अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांची देशातली उलाढाल 2006 मध्ये सुमारे 90 कोटी डॉलर होती, ती 2019 पर्यंत 3,790 कोटी डॉलरवर गेली, असं त्यात लिहिलं होतं, आणि अशा मालावर ‘आरोग्य कर’ म्हणून जास्त दर लावण्याचा विचार करावा असं सुचवलं होतं. आठ महिनेही गेले नाहीत. 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि बिस्किटं व चॉकलेटं 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली, फरसाण-चिप्स 12 वरून 5 वर. ही सवलत गिऱ्हाइकाला कशी द्यायची, हा प्रश्न आला तेव्हा तुमच्यातल्या अनेकांचं उत्तर तयार होतं: पाच रुपयांचा आकडा मोडता येत नाही, आम्ही त्याच किमतीत ग्रॅम वाढवू. म्हणजे सरकारने महसूल सोडला आणि तो आमच्या पोरांच्या पोटात मैदा, पामतेल आणि मीठ होऊन उतरला. त्याच यादीत बहुतेक औषधं आणि रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्याही 12 वरून 5 टक्क्यांवर आल्या. बिस्किटाचा पुडा आणि मधुमेहाची गोळी आज कराच्या एकाच रांगेत उभे आहेत. ही रांग तुम्ही लावली नाही, मान्य. पण ती लागली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि म्हणून हे पत्र अर्थमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुणाच्या तोंडात कोंबत नाही. आईबापांनी मुलांना आवरावं.

साहेब, बदलापूर स्टेशनवर एकदा पहाटे या. दिवस उजाडायच्या आत महिलांच्या डब्यासमोर जी गर्दी उभी असते, तीतल्या कितीतरी बायका चार वाजता उठून भाजी-पोळी करून आलेल्या असतात. मुंबईला जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास गाडीत जातात. अंबरनाथला चढायला मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून काहीजणी आधी उलट्या दिशेने बदलापूरला जातात आणि त्याच गाडीने बसून परत येतात. रात्री आठ-नऊला घरी पोचल्यावर त्यांना पुन्हा ओटा दिसतो. मधल्या वेळेत शाळेतून आलेलं पोर आजीजवळ असतं, शेजारी असतं, नाहीतर एकटं असतं. चार वाजता त्याला भूक लागते. त्या चार वाजताच्या भुकेला तुम्ही पाच रुपयांचं उत्तर ठेवलंय. दुसऱ्या कुणीच काही ठेवलेलं नाही. अंडं सात-आठ रुपयांच्या खाली येत नाही आणि ते उकडायला कुणीतरी घरी लागतं. आरोग्याचं अर्थशास्त्र शिकवणारे लोक सांगतात की अन्नाची किंमत रुपयांत असते तशी वेळेतही असते. आमच्या बायकांकडे यातलं काहीच शिल्लक नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, कारण तुमचा धंदाच त्यावर उभा आहे. ज्या आईचा वेळ मुंबईने घेतला, तिच्यावरच तुम्ही बेजबाबदारपणाचा ठपका ठेवता, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

आणि दुसरं बोट दालपकवानकडे, वडापावकडे दाखवू नका. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबं आली, 1949 मध्ये तिथे उल्हासनगर वसलं, आणि त्या माणसांनी आपला नाश्ता सोबत आणला. तळलेलं आहे, जड आहे, रोज खाऊ नये, हे खाणाऱ्याला दिसतं, कारण कढई त्याच्यासमोर असते. वडापावच्या गाडीवरही तेल दिसतं. रोज खाल्लं तर तेही वजन वाढवतंच, त्याचं समर्थन मी करत नाही. पण दालपकवानवाला क्रिकेटपटूला पैसे देऊन ‘खा आणि मोठा हो’ असं मुलांना सांगत नाही. आपल्या पकवानात ‘दुधाची ताकद’ असल्याचा दावा करत नाही. तो तुमच्यासारखा घरात शिरत नाही.

आता आमच्या शरीरांबद्दल बोलू, कारण तुम्ही ज्यांना माल विकता त्यांची शरीरं तुम्हाला माहीत असायला हवीत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी, हाडापेराने कमी होती, पण चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीची. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. त्या फोटोचा अर्थ अंबरनाथच्या प्रत्येक आईला समजावून सांगावा असा आहे. आपलं पोर हडकुळं दिसतं म्हणून ‘खाऊ दे, अंगी लागेल’ असं आपण म्हणतो, आणि ते अंगी लागतं ते पोटावर, यकृताभोवती. म्हणूनच आपल्याकडचे डॉक्टर लठ्ठपणाची रेघ 30 वर न ठेवता 25 वर धरतात. इथे कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच खोलीत राहतात, कधी कधी एकाच शरीरात. अशा शरीरात तुमची साखर आणि तुमचं तेल येऊन पडतं.

किती पडलं आहे, तेही मोजलेलं आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथून चालतं. 2015-16 मध्ये देशात जादा वजनाच्या बायका 20.6 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 24 टक्के झाल्या. पुरुष 18.9 वरून 22.9 वर गेले. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2.1 टक्क्यांवरून 3.4 वर गेलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा 2023 चा अभ्यास देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आणि 13 कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक आहेत असं सांगतो. पोटाभोवतीच्या चरबीचे तर 35 कोटी. यातला प्रत्येक माणूस तुम्ही आजारी पाडला असं मी म्हणत नाही. तुमचा वाटा किती, एवढंच विचारते आहे. आणि तो मोजायचं शास्त्र आहे.

2014 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात संजय बसू, सुकुमार वेल्लक्कल, सुतपा अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. प्रश्न भारताचा होता: गोड पेयांवर 20 टक्के कर लावला तर काय होईल? किंमत वाढली की माणूस किती कमी पितो, त्याऐवजी दुसरं काय पितो, त्यातून किती उष्मांक घटतात, हे सगळं भारतीय कुटुंबांच्या खर्चाच्या आकड्यांवरून त्यांनी मांडलं. त्यांचा अंदाज असा निघाला: 2014 ते 2023 या काळात जादा वजन आणि लठ्ठपणा 3 टक्क्यांनी घटेल, 1 कोटी 12 लाख माणसं त्यातून सुटतील आणि टाइप-2 मधुमेहाचे 4 लाख नवे रुग्ण टळतील. हा गणिताने काढलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष घडलेली गोष्ट नाही, हे मला समजतं. पण मार्ग इतक्या स्पष्टपणे दाखवलेला होता. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा फसफसणाऱ्या पेयांवर अधिभारासह 40 टक्के कर लागला, आणि 2025 च्या बदलातही तो तेवढाच राहिला. तो कर मात्र बाटलीतली साखर मोजत नाही. साखरेची बाटली आणि बिनसाखरेची बाटली त्याच्या लेखी सारखीच, मग साखर कमी करायला तुम्हाला कारण काय?

कारण दिलं तर तुम्ही कमी करता, हेही सिद्ध झालंय. ब्रिटनने एप्रिल 2018 पासून साखरेच्या ग्रॅमवर कर लावला: शंभर मिलिलिटरमागे 5 ग्रॅमच्या खाली शून्य, 8 ग्रॅमच्या वर सर्वांत जास्त. दोन वर्षं आधी घोषणा झाली होती. कर लागू व्हायच्या आतच तुमच्या तिथल्या भाऊबंदांनी बाटल्यांमधली साखर उतरवली. तिथल्या मुलांना कमी साखर, आमच्या मुलांना दहा रुपयांच्या दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत वीस ग्रॅमच्या आसपास. दिवसभराची जोडसाखर 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. एका बाटलीत आमच्या पोराचा दिवस जवळजवळ संपतो. लंडनच्या पोराची काळजी करता येते, तर आमच्या विठ्ठलवाडीच्या पोराची का येत नाही, याचं उत्तर मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

गरिबांवर कराचा बोजा पडेल, असं तुम्ही लगेच म्हणता. गरिबांचा कळवळा तुम्हाला फक्त कराच्या वेळी येतो. मेक्सिकोने 1 जानेवारी 2014 पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्याच वर्षी खरेदी सरासरी 6 टक्क्यांनी घटली, आणि सर्वांत जास्त घटली ती गरीब घरांत, सरासरी 9 टक्क्यांनी. म्हणजे वाचले ते गरीबच. कर पैशाचा असतो, तो टाळता येतो, बाटली घेतली नाही की संपलं. मधुमेह एकदा घरात आला की टाळता येत नाही, तो कमावत्या माणसाच्या पगारातून दर महिन्याला आपला वाटा काढून घेतो.

तुमचं दुसरं आवडतं उत्तर व्यायामाचं. खा, पण पळा. 2015 मध्ये अमेरिकेत ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ नावाची शास्त्रज्ञांची संस्था उघडी पडली. लठ्ठपणाचं कारण खाण्यात कमी आणि हालचालीच्या अभावात जास्त आहे, असं ती सांगत होती, आणि तिच्यामागे कोका-कोलाचा पैसा होता. बातमी आल्यावर वर्ष संपायच्या आत ती गुंडाळली गेली. इथे तुम्ही शाळांच्या मॅरेथॉनचे टी-शर्ट वाटता, हेतू निराळा नाही. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरात पाच लाख सहा हजार माणसं होती, जेमतेम 13 चौरस किलोमीटरमध्ये. गोल मैदान सोडलं तर खेळायला मोकळी जागा शोधावी लागते. रस्त्याच्या कडेला फर्निचर, कपड्यांचे गठ्ठे, हातगाड्या. कुठे पळायचं आमच्या पोरांनी? आणि पळालीच, तरी तुमची एक बाटली आणि एक पाकीट जिरवायला त्या वयाच्या मुलाला किती पळावं लागेल, ते पाकिटावर छापायची तुमची तयारी आहे का?

साहेब, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या तीन गावांना एक जुना धडा आहे. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. मंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. त्याच नदीत पुढे कारखान्यांनी रसायनं सोडली, जीन्सच्या धुलाईने रंग सोडले, गावांनी आपला मैला सोडला. कारखानदाराचा माल स्वस्त पडत होता, कारण पाणी साफ करण्याचा खर्च त्याच्या वहीत नव्हता. तो खर्च काठावरच्या माणसाच्या नाकात, कातडीत, फुप्फुसात जात होता. लोक न्यायालयात गेले आणि 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी नासवणाऱ्यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. नदी अजून साफ झालेली नाही, हे आमचं दुःख आहेच. पण जो घाण करतो त्याने भरावं, हे तत्त्व तरी त्या दिवशी कागदावर आलं. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्येच हे मांडून ठेवलं होतं: धंद्याचा जो खर्च दुसऱ्यावर पडतो, तो कराच्या रूपाने धंद्यावर परत घाला. तुमच्या पाकिटावर पाच रुपये छापलेले असतात. त्याची खरी किंमत पाच नाही. उरलेली रक्कम वीस वर्षांनी वसूल होते, आणि ती तुमच्याकडून होत नाही.

कुणाकडून होते? देशातल्या आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी 2021-22 मध्ये 39.4 टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात भरती झालेल्याच्या कामी येते. दर महिन्याच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, डोळ्यांचा पडदा तपासणं, चष्मा, पायाची जखम, बुडालेली रोजंदारी हे त्यात बसत नाही. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाबाहेर केसपेपरसाठी जी रांग लागते, तिच्यात रोजचा पगार सोडून उभी असलेली माणसं आहेत. 2024 मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आम्हाला आनंद झाला, डॉक्टर हवेतच. पण तुमच्या मालाने आजारी पडलेल्यांसाठी खाटा आमच्या करातून वाढवायच्या आणि तुम्ही त्याच रस्त्यावर नवी लडी टांगायची, हा व्यवहार कुठल्या वहीत बरोबर ठरतो? अडेयेमी ओकुनोग्बे आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये आठ देशांचा हिशेब मांडला. 2019 मध्ये लठ्ठपणाने भारताच्या सकल देशांतर्गत उत्पादनाचा 0.8 टक्का खाल्ला. आठ देशांत हा आकडा सर्वांत कमी आहे. तो कमी आहे तोवरच हात घालायचा असतो, आणि तुम्ही तो वाढेपर्यंत थांबायला सांगताय.

पाकिटावरच्या मजकुराचा तर मला सर्वांत जास्त संताप येतो. चिलीने 2016 मध्ये कायदा लागू केला: साखर, मीठ, चरबी, उष्मांक मर्यादेबाहेर असतील तर पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोनी इशारा. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळतो. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2022 च्या मसुद्यात तुम्हाला सोयीचे तारे आले, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. म्हणजे सर्वांत वाईट मालालाही बक्षिसासारखा निदान अर्धा तारा. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की यावर तीन महिन्यांत शिफारशी द्या. आणि भाषा बघा. टीव्हीवरची जाहिरात मराठीत असते, आजीला कळेल अशी, गोड. घटकांची यादी मात्र इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत, चकचकीत कागदाच्या घडीत. कायद्याला इंग्रजी किंवा हिंदी चालते, मराठीची सक्ती नाही, आणि तुम्ही कायद्याने सांगितलं तेवढंच करता. ज्या आजीच्या हातून नातवाला पाकीट दिलं जातं, तिला ‘पाम ऑइल’ आणि ‘सोडियम’ वाचता येऊ नये, अशीच तुमची सोय आहे.

शाळांबद्दलही नियम आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये शाळांच्या कँटीनमधून असे पदार्थ हद्दपार करायचा निर्णय काढला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी शाळेच्या आवाराबाहेर 50 मीटरपर्यंत त्यांची विक्री रोखली. आमच्या गावांतल्या कुठल्याही शाळेच्या फाटकातून बाहेर या आणि पावलं मोजा. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याला एका पाकिटामागे किती पैसे सुटतात ते मला ठाऊक आहे. माल तिथपर्यंत तुमचा वितरक पोचवतो. कुठली गाडी कुठल्या दुकानासमोर किती वाजता थांबली, ही नोंद तुमच्या संगणकावर असते. पन्नास मीटर तुम्हाला मोजता येत नाहीत, हे मी मानणार नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत आणि त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. ब्रिटनमध्ये विकता तेवढीच साखर इथल्या बाटलीत घाला. पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर, मीठ आणि तेल मराठीत, पाचच्या आकड्याइतक्या मोठ्या अक्षरांत छापा. शाळांपासून 50 मीटरच्या आतल्या दुकानांची यादी तुमच्या संगणकावरून काढा आणि त्यांना लडी देणं थांबवा. आणि अर्थखातं पुढच्या वेळी साखरेच्या ग्रॅमवर, मिठाच्या ग्रॅमवर कर लावायला निघेल, तेव्हा तुमच्या संघटनेचं शिष्टमंडळ दिल्लीला पाठवू नका. पाठवलंच, तर त्याने आधी बदलापूरहून सकाळची लोकल पकडावी, दुपारी चार वाजता उल्हासनगरच्या एखाद्या शाळेच्या फाटकाशी उभं राहावं आणि मग दिल्लीचं तिकीट काढावं.

उत्तराची वाट बघते आहे. आकड्यांसकट पाठवा.

अंबरनाथ पूर्वेची एक रहिवासी